अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही, हे एकदा छापाच

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या महिला पुरवणीत परदेशात जाताना केसांची काळजी कशी घ्यायची यावर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटो तर लयच चांगले, पण त्यात एक वाक्य असं होतं की युनिव्हर्सल अडॅप्टर सोबत ठेवला की तुमचा ड्रायर अन् स्ट्रेटनर जगात कुठंही चालतो. माझं तालुक्याच्या गावात छोटंसं पार्लर आहे आणि बाजूलाच आमच्या ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तर मी तो पेपर त्यांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "ज्यानं हे लिवलं त्याले आधी डीपीखाली उभं करा." (डीपी म्हणजे गावातला लाईनचा ट्रान्सफॉर्मर.) ते असेच बोलतात, मनावर घेऊ नका. पण मुद्दा खरा आहे म्हणून हे पत्र.

शहरातल्या लोकांना वाटत असेल की दर्यापूर-अंजनगावकडून कोण जातंय परदेशात. अहो जातात. कोणाची पोरगी जर्मनीला शिकायला, कोणाची लग्न होऊन अमेरिकेत, कोणाचा पोरगा दुबईला कामाले, अन् सगळ्यात जास्त तर आया जातात, पोरीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला. जायच्या आधी ह्या सगळ्याजणी पार्लरला एक चक्कर मारतात आणि हमखास विचारतात, "वो ताई, हे मशीन तिकडे चालन काय?" आणि हातात नवाकोरा ड्रायर असतो, ऑनलाइन मागवलेला, बिल पिशवीतच.

तर साधी गोष्ट आहे. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो. आपली गोल पिन तिकडच्या चपट्या भोकात बसवून देतो, बस. आतून येणारी लाईन जशी आहे तशीच येते. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट (कागदावर तरी, संध्याकाळी गावात किती येतात ते विचारू नका), अमेरिका-कॅनडात १२०, जपानमध्ये तर फक्त १००. युरोप, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आखाती देश हे सगळे आपल्यासारखेच २२०-२४० च्या घरातले, तिथे व्होल्टेजचं टेन्शन नाही, फक्त पिनचं आहे.

आता आपला १००० वॅटचा ड्रायर अमेरिकेत लावला तर तो जळत नाही, पण अर्ध्या व्होल्टेजवर अर्धी गरमी येईल असं जे वाटतं तसंही होत नाही, जेमतेम चौथा हिस्सा येते, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वॅट, कारण व्होल्टेज निम्मं झालं की करंटही निम्मा होतो अन् दोन्हीचा फटका बसतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, रात्रीच्या लाईनीवर व्होल्टेज डिम आलं की काय होते ते त्याले माहीत आहे, फक्त फरक एवढाच की विहिरीवरची मोटर डिम व्होल्टेजवर जास्त करंट ओढून जळते आणि हिटरची वस्तू नुसती थंडावते. केस वाळवायला बसलेली पोरगी अर्धा तास बसून राह्यते अन् केस ओलेच.

उलटं झालं तर मात्र खरा धोका. अमेरिकेतून दिवाळीला आलेला भाऊ बहिणीसाठी तिकडचा महागडा ड्रायर घेऊन येतो, सोबत अडॅप्टरही आणतो, आणि १२० व्होल्टची वस्तू आपल्या २३० वर लागते. तेव्हा तीच गरमी साडेतीन पटीच्याही वर जाते. आमच्या ह्यांच्या दुकानात अशा वस्तू येतात, "भाऊ, पाहा ना काही होते काय" म्हणून. काही होत नाही. आतली तार काळी पडलेली असते, प्लास्टिक वितळलेलं असते, अन् नशीब चांगलं असलं तर हात भाजलेला नसते.

मग काय बघायचं? मशीनच्या दांड्यावर नाहीतर प्लगजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर ते मशीन दोन्हीकडे चालतं, तिथे नुसता अडॅप्टर पुरतो. मोबाइलचे चार्जर असेच असतात म्हणून लोकांचा गैरसमज होतो की सगळंच असं असते. स्ट्रेटनरमध्ये बरेच असे मिळतात, ड्रायर मात्र फार कमी. काही ट्रॅव्हल ड्रायरला छोटं बटण असते, नाण्याने नाहीतर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं, १२० वर किंवा २४० वर. ते तिकडे गेल्यावर बदलायचं आणि घरी आल्यावर आठवणीने परत फिरवायचं, परतीचंच सगळे विसरतात. नुसतं २२०-२४० लिहिलं असेल तर अमेरिका-जपानसाठी ते घरीच ठेवा.

कोणी म्हणेल कन्व्हर्टर घेऊ, म्हणजे व्होल्टेज बदलून देणारा डबा. घ्या, पण त्यावर किती वॅट लिहिलंय ते बघा. ड्रायरला १०००-१२०० वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो एवढा जड असतो की बॅगेत तो तरी न्याल नाहीतर लोणचं-पापड तरी. छोटे स्वस्तातले कन्व्हर्टर जे मिळतात ते साध्या तारेच्या हिटरसाठी असतात, डिजिटल आकडे दाखवणाऱ्या स्ट्रेटनरला लावले तर आतलं सर्किट जाऊ शकते. माझं स्पष्ट मत आहे, ड्रायर नेऊच नका. हॉटेलात बहुतेक ठिकाणी असतो, शिकायला जाणाऱ्या पोरीनं तिकडेच एखादा साधा विकत घ्यावा, तो तिकडच्याच व्होल्टेजचा असतो, भानगडच नाही. आणि परत येताना तो तिकडेच कोणाला तरी देऊन यावा, इकडे आणू नये, कारण वर सांगितलंच.

पिनबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. इंग्लंड, दुबई, सिंगापूर इकडे तीन चौकोनी पिनचा प्लग असतो. वरच्या भोकात पेन खुपसून खालची झडप उघडायची आणि आपला दोन पिनचा प्लग कोंबायचा हा जुगाड लोक एकमेकांना शिकवतात, व्हिडिओ पण फिरतात. करू नका. त्या प्लगमध्ये फ्यूज असतो आणि झडप लेकरांच्या बोटासाठी ठेवलेली असते, ते दोन्ही तुम्ही बाद करून टाकता. दुसरं म्हणजे इंग्लंडमध्ये बाथरूमात साधा सॉकेट सहसा नसतोच, शेव्हरचा छोटा असतो, तो दाढीच्या मशीनपुरता, त्याच्यावर स्ट्रेटनर चालत नाही. तेव्हा बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून केस करायचे हे विसरा, खोलीत या.

स्ट्रेटनर नेलाच तर २३० डिग्रीवर ठेवून रोज फिरवू नका. १८० च्या आसपास काम होते. आणि ओल्या केसावर तर कधीच नाही, केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आत बुडबुडे तयार होतात अन् केस तिथूनच तुटतो. तेल लावलेल्या केसावरही नाही, मुलाखतीला उशीर होतोय म्हणून सकाळी तेलावरच फिरवतात, मग खोलीत धूर अन् वर स्मोक अलार्म ओरडतो.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे पोरी येतात कंबरेपर्यंतचे केस कापायला. स्वतःच्या मनानं नाही, घरच्यांच्या सांगण्यावरून. "तिकडे कोण करून देईन तुले वेणी", "तिकडचं पाणी खराब, केस गळतात", असं काकू, मावशी, शेजारीण सगळ्या मिळून सांगतात आणि पोरगी खुर्चीत बसून डोळे पुसते. ज्या पोरीला कापायचेच आहेत तिचे मी आनंदानं कापते, धंदाच आहे माझा. पण पाण्याच्या भीतीनं? अहो आपण खारपाणपट्ट्यातले लोक. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूला बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात नहाऊन आपल्या आज्यांचे केस गुडघ्यापर्यंत होते. आता नळाला धरणाचं पाणी येते ते वेगळं. लंडनचं पाणी जड आहे हे खरं, चुनखडीतून येते, केटलमध्ये पांढरं साचते, पण तिकडेच स्कॉटलंडचं पाणी हलकं आहे. म्हणजे गावागावावर आहे, आपल्यासारखंच. जड पाणी असलं तर साबणानं डोकं धुऊ नका, शाम्पू वापरा, शेवटी नीट खंगाळा, वेणी घाला. वेणीला व्होल्टेज लागत नाही. थंडीच्या देशात घरात हिटर चालू असतात, हवा कोरडी होते आणि केस उभे राहतात, त्यालाही थोडं तेल अन् वेणी हाच इलाज. फक्त बर्फाच्या दिवसात ओल्या केसानं बाहेर पडू नये, केस कडक होतात अन् मोडतात.

बाळंतपणाला जाणाऱ्या आयांसाठी तुमच्या लेखात एक ओळही नव्हती, जशी काही केसं फक्त पोरींनाच असतात. अंबाड्याला लोखंडी पिना कमी लावा, सिक्युरिटीला मशीन वाजते, आणि नाही वाजलं तरी अमेरिकेत अंबाडा हातानं दाबून बघतात, घाबरायचं नाही, राग पण मानायचा नाही. तेलाची बाटली सोबतच्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही, अर्धी भरलेली असली तरी बाटलीचा आकार धरतात. मोठी बाटली चेक-इनमध्ये, झाकणाखाली प्लास्टिक लावून, घट्ट गोठलेलं खोबरेल पण गरमीत पातळ होऊन साड्यांवर येते. मेंदीची पूड हातातल्या बॅगेत भरभरून नेऊ नका, अमेरिकेला जाताना ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. आणि तिकडे मेंदी लावली तर टबमध्ये बसून लावा, गालिच्यावर नाही. भाड्याच्या घरात गालिच्याचा डाग डिपॉझिटमधून कापतात, अन् मोरीत केस अडकले तर प्लंबरचं बिल बघून जावई बोलत नाही पण त्याचं तोंड बोलते. जाळी मिळते मोरीवर ठेवायची, ती इथूनच घेऊन जा.

वायरचा स्ट्रेटनर विमानात कुठल्याही बॅगेत चालतो, पूर्ण थंड करून ठेवा. बिनवायरचा, बॅटरीवाला किंवा गॅसवाला असला तर तिकीट काढलेल्या एअरलाइनलाच विचारा. गॅसवाल्याला माणशी एकच, वर टोपण लावलेलं, आणि गॅसची जास्तीची नळी तर बिलकुल नाही. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत.

साहेब, एवढं सगळं छापायला जागा नसेल तर निदान पुढच्या पुरवणीत त्या अडॅप्टरच्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि ती पण लेखाएवढ्याच अक्षरात. सोबत मशीनच्या मागच्या लेबलचा मोठा फोटो टाका, गोल करून, म्हणजे मी तो कापून आरशाजवळ चिकटवीन, रोज सांगायचा माझा त्रास वाचेल.

आपली,
एक पार्लरवाली वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती