फोनवरचा रेट आणि हातातलं बिल

संपादक महाशय,
राऊ-बिचोलीकडे ज्येष्ठांसाठी राहायच्या सोयी निघाल्यात, चांगलंय, पण आत्यासाठी एका ठिकाणी विचारलं तर फोनवर सांगितलेल्या रकमेत फक्त खोली नि जेवण, डायपर वेगळे, रात्रीची आया वेगळी, फिजिओ वेगळा आणि डिपॉझिट परत कधी देणार ते कागदावर कुठ्ठेच नाही! सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार होतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, आंघोळ घालायला माणूस त्यात मिळत नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007च्या कायद्याने मूलबाळ नसलेल्यांना वारसदार नातेवाइकांकडूनही निर्वाहखर्च मागता येतो (भाचेमंडळी, ऐकताय ना). बाकी माहितीला ज्येष्ठांसाठीची 14567 हेल्पलाइन आहे, फुकट. नगर निगमाने निदान पूर्ण रेटकार्ड दारावर लावायची सक्ती करावी.

– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर