पिल्लांच्या तोंडाचा आकार पाहून खाद्य द्या

महोदय,

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत कुठल्याही माशाच्या पिल्लांसाठी बहुतेकदा एकच भुकटी हातात दिली जाते. गप्पीच्या पिल्लांना ती चालते, कारण ती जन्मतःच पोहतात आणि खातात. गुरामी या अंडी घालणाऱ्या माशाची पिल्ले मात्र अंड्यातून निघाल्यावर दोन-तीन दिवस पोटाखालच्या बलकावरच जगतात. तेव्हा टाकलेले खाद्य नुसते सडते. ती मोकळी पोहू लागली की, तोंड अगदी बारीक असल्याने, इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) द्यावा. तो तयार करण्यासाठी क्लोरीन उडालेल्या पाण्यात कोबीचे पान टाकून ठेवावे. पाणी आधी गढूळ होऊन वास मारते, काही दिवसांनी निवळते. निवळल्यावरच वापरावे.

आठवड्याभराने आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) द्यावा. लिटरभर पाणी, २५ ग्रॅम जाडे मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, सतत हवा आणि २८ अंश तापमान; साधारण २४ तासांत पिल्ले निघतात. हवा बंद केली की टरफले वर येतात. ती टाळून खालची पिल्ले नळीने काढावीत, गोड्या पाण्यात धुवावीत आणि लगेच खाऊ घालावीत. उशीर झाला तर त्यांचा कस उतरतो.

पिल्लांचे खाद्य म्हणून कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र कृपया सुचवू नका. थोडा जास्त झाला तरी पाणी नासते आणि रात्रीत सगळी पिल्ले दगावू शकतात.

— एक मत्स्यपालक, पुणे