पोर्शन संपतो, मुले मागेच राहतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हायस्कूलच्या वर्गांविषयी चर्चा निघाली की ती मुलांची बेशिस्त आणि मोबाइल यांवरच संपते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण गणिताची शिक्षिका म्हणून मला रोज जी गोष्ट छळते ती वेगळी आहे. वर्गात थांबायला वेळच नसतो.

फळ्यावर 'क्ष छेद तीन अधिक क्ष छेद चार बरोबर सात' असे समीकरण लिहिले, की एखादी मुलगी तोंडी 'बारा' सांगून मोकळी होते. तिच्याच मागच्या बाकावरचा मुलगा पक्षांतराचा, म्हणजे पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना त्याचे चिन्ह बदलण्याचा, नियम घडाघडा म्हणतो. पण एक छेद तीन मोठा की एक छेद चार, असे विचारले तर 'एक छेद चार' म्हणतो, कारण चार तिनापेक्षा मोठे. समीकरणाच्या कितीतरी आधी, अपूर्णांकापाशीच तो अडकलेला आहे. कागदाच्या पट्टीला घड्या घालून ते त्याला दाखवायचे तर अख्खी तासिका जाते, आणि ती तासिका वार्षिक नियोजनात कुठेच नसते. चाळीस मिनिटांच्या तासाला पन्नास मुले असली, तर एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही.

मेरी बड रोव या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातील संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. हे वाचल्यापासून मी मनात तीन आकडे मोजते. पण परीक्षा तोंडावर आणि दोन धडे शिल्लक असले की तेवढेही जमत नाही, हे मी स्वतः अनुभवते आहे.

मोबाइलचे म्हणाल, तर २०२२च्या 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या बहुतांशी विकसित देशांच्या गटातील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी, गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल उपकरणांमुळे लक्ष विचलित होते, असे सांगितले. त्याच वर्षअखेरीस चॅटजीपीटी आले. आता घरून आलेला निबंध किंवा गणित कोणी सोडवले, हे वहीवरून कळत नाही. म्हणून मुलांना वर्गातच, डोळ्यांसमोर लिहायला लावावे लागते. त्यालाही वेळ त्याच चाळीस मिनिटांतून काढायचा.

शाळेच्या प्रशासनाला माझी विनंती आहे: पोर्शनचा आढावा घेताना किती धडे झाले, एवढेच विचारू नका. मागची कोणती संकल्पना पुन्हा शिकवावी लागली, तेही नोंदवू द्या आणि त्यासाठी नियोजनात आठवड्याची एक तासिका मोकळी ठेवा. पालकांनीही 'तुमचा वर्ग मागे का?' असे विचारण्याआधी आपल्या मुलाची वही उघडून त्याच्याकडून एक उदाहरण समजावून घ्यावे.

आपली,
एक गणित शिक्षिका