तेरा बहिणींचा एक भाऊ : ब्रिटनच्या लॉर्ड चान्सेलरांना खुले पत्र

प्रति,
माननीय लॉर्ड चान्सेलर व न्यायमंत्री,
युनायटेड किंग्डम, लंडन

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या खात्यात ‘रोल ऑफ द पीअरेज’ नावाची एक यादी ठेवली जाते. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन यांपैकी एखादा किताब वारसाने आपल्याकडे आला असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने आधी या यादीत नाव लावून घ्यायचे, अशी २००४ सालची राजाज्ञा आहे. नाव लागले नाही तर सरकारी कागदावर त्याला कोणी लॉर्ड म्हणणार नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद होते तसाच हा प्रकार. वारसनोंदी आणि वाटपाचे दावे यांतच वकिली संपवलेल्या माझ्यासारख्याला ही यादी चाळण्याचा नाद लागला यात नवल नाही. नवल वाटते ते तिच्या मुळाशी असलेल्या एका नियमाचे. बहुतेक सगळे किताब फक्त मुलग्याकडे जातात. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, मूळ पुरुषाच्या वंशातला कितीही लांबचा पुरुष चालतो. घरातली मुलगी चालत नाही.

हा नियम किती ताणला जातो हे पाहायचे तर डेव्हनच्या अर्लपदाचा इतिहास पाहावा. आपल्याच पूर्वसुरींच्या हातून त्याचा निकाल लागला आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

कोर्टनी हे डेव्हन परगण्यातले जुने घराणे. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये या घराण्याच्या प्रमुखाला, एक्झिटरच्या मार्क्वेसला, राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले आणि त्याचे डोके उडवले. त्याचा मुलगा एडवर्ड तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकले, आणि तो तिथेच लहानाचा मोठा झाला. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली तेव्हा पंधरा वर्षांनी तो सुटला. महिनाभरातच राणीने त्याला डेव्हनचा अर्ल केले. राणीशी त्याचे लग्न होणार अशीही बोलवा होती, पण तिने स्पेनच्या फिलिपला वरले. एडवर्डवर बंडाचा संशय आला, पुन्हा कैद झाली, मग परदेशी रवानगी. १५५६ मध्ये इटलीतल्या पादुआ शहरात तो अविवाहित वारला. त्याच्या जमिनी घराण्यातल्या चार बहिणींच्या वंशजांत वाटल्या गेल्या. म्हणजे जमिनीला बायकांचा वंश चालला. किताब मात्र संपला, असे सगळ्यांनी धरले. इतके पक्के धरले, की १६१८ मध्ये कॅव्हेंडिश घराण्याला जवळपास तेच नाव देऊन डेव्हनशरचे अर्ल करण्यात आले. पुढे तेच ड्यूक झाले आणि आजही आहेत. त्यांचा चॅट्सवर्थचा वाडा डेव्हनमध्ये नसून डार्बीशरमध्ये आहे, हे वाचून मी नकाशा दोनदा पाहिला होता.

एडवर्ड वारल्यानंतर २७५ वर्षांनी, १८३१ मध्ये, हे अर्लपद अचानक जिवंत झाले. मेरी राणीच्या सनदेत एक गोष्ट राहून गेली होती. अशा सनदांत किताब ‘त्याच्या देहापासून झालेल्या पुरुष वारसांना’ दिलेला असतो. या सनदेत नुसते ‘पुरुष वारसांना’ असे होते. म्हणजे एडवर्डला मूल नसले तरी बिघडत नाही, त्याच्या घराण्यातला कोणताही पुरुष चालेल, असा अर्थ लावता येत होता. लॉर्ड चान्सेलर ब्रूम यांच्या काळात उमरावांच्या सभेने, म्हणजे पार्लमेंटच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, तो लावलाही. पाउडरहॅमच्या कोर्टनी शाखेतला तिसरा व्हायकाउंट विल्यम हा डेव्हनचा नववा अर्ल ठरला. त्याचा आणि एडवर्डचा समाईक पूर्वज शोधायला मागे किती जावे लागले? १३७७ मध्ये वारलेल्या दुसऱ्या अर्लपर्यंत.

हा विल्यम त्या वेळी पॅरिसमध्ये होता. पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून खटला होईल या भीतीने त्याने इंग्लंड सोडले होते आणि तो परत येणार नव्हता. दाव्यामागची खटपट त्याच्या एका चुलतचुलत भावाची होती. दोघांचे पणजोबा एक. हे गृहस्थ उमरावांच्या सभेच्या कचेरीतच वरिष्ठ कारकून होते, तेव्हा जुने कागद कुठे आणि कसे पाहायचे हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. विल्यमला मूल नव्हते. १८३५ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे व्हायकाउंटपद संपले, कारण त्या सनदेत काही राहून गेले नव्हते. नव्याने सापडलेले अर्लपद या भावाकडे गेले.

आणि महोदय, विल्यमला तेरा बहिणी होत्या.

एकाही बहिणीचा, तिच्या मुलांचा विचार करण्याचे कोणाला कारणच नव्हते. पावणेतीनशे वर्षे बंद पडलेल्या किताबासाठी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खापरपणजोबापर्यंत जाणारा कायदा पुढच्या खोलीत बसलेल्या बाईपर्यंत जाऊ शकला नाही. याला कोर्टनी घराणे दोषी नाही. त्यांचे वंशज आजही डेव्हनचे अर्ल आहेत. गंमत अशी, की १८६९ मध्ये असाच दुसरा एक दावा आला, विल्टशरच्या अर्लपदाचा. १३९७ मधल्या त्या सनदेतही ‘देहापासून’ नव्हते. त्या वेळी उमरावांच्या समितीने सांगितले, की असा अमर्याद ‘पुरुष वारस’ कायद्याला माहीतच नाही आणि डेव्हनचा निकाल आम्हाला बंधनकारक नाही. दावा फेटाळला. सारख्याच मजकुराच्या दोन सनदा, आणि एक घराणे अर्ल तर दुसरे कोणीच नाही. हे वाचल्यावर किताबांचा कायदा म्हणजे दगडावरची रेघ आहे, तिला हात लावता येत नाही, असे मला कोणी सांगू नये.

हात तर लावलेलाच आहे, गरज पडली तेव्हा. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचा हयात असलेला एकमेव मुलगा १७०३ मध्ये देवीच्या साथीत गेला. ड्यूक तेव्हा फ्रान्सशी लढणारा देशाचा मोठा सेनापती. पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून त्याचा किताब मुलींकडे जाईल अशी सोय केली, आणि १७२२ मध्ये त्याची मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस, म्हणजे स्त्री ड्यूक, झाली. कानपूरला जन्मलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगा १८९९ मध्ये बोअर युद्धात पडला. १९०१ मध्ये त्यांना अर्ल केले ते मुलींना वारसा देऊनच, आणि १९१४ पासून दोघी बहिणी एकीमागून एक काउंटेस, म्हणजे स्त्री अर्ल, झाल्या. आमचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनाही दोन मुलीच. त्यांच्या सनदेत तीच तरतूद आहे, म्हणून १९७९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी पॅट्रिशिया वारस ठरली. थोडक्यात, बाप पुरेसा मोठा असला की मुलगी वारस होऊ शकते.

तिथेही आपल्या पदाचा इतिहास फारसा उजळ नाही. लॉर्ड ऱ्होंडा यांनी आपला व्हायकाउंट किताब एकुलत्या मुलीला, मार्गारेटला, मिळेल अशी सोय करून घेतली होती. १९१५ मध्ये ल्युसिटेनिया बोट बुडाली त्यातून ही बाई वाचली होती. तिने स्त्रियांवरची बंदी उठवणाऱ्या १९१९ च्या कायद्याच्या आधारे उमरावांच्या सभेत आपली जागा मागितली. मार्च १९२२ मध्ये समितीने होकार दिला. मग तेव्हाचे लॉर्ड चान्सेलर बर्कनहेड यांनी प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले, आणि मे महिन्यात तोच होकार नकार झाला. वारसाने किताब आलेल्या स्त्रियांना त्या सभेत बसता आले ते १९६३ च्या कायद्याने. मार्गारेट १९५८ मध्येच वारली होती.

काही जुन्या बॅरनी, म्हणजे बॅरनचे किताब, मुलीकडे जातात, हे मला ठाऊक आहे. पण एकीपेक्षा जास्त मुली असल्या की सगळ्या सारख्याच वारस ठरतात आणि किताब कोणालाच न मिळता लोंबकळत राहतो. ग्रे ऑफ कॉडनर ही बॅरनी अशी १४९६ पासून १९८९ पर्यंत लोंबकळत होती. आमच्याकडचे वाटपाचे दावे लांबतात म्हणून आम्हाला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मी सातारचा. त्यामुळे या विषयात मला आणखी एक नाव विसरता येत नाही. एप्रिल १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी तो दत्तक राज्याचा वारस मानायला नकार दिला आणि सातारा खालसा झाले. मागून १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर त्याच वाटेने गेले. डलहौसी स्वतः त्या नावाच्या घराण्याचे दहावे अर्ल. पंजाब घेतल्याबद्दल १८४९ मध्ये त्यांना मार्क्वेस करण्यात आले. डिसेंबर १८६० मध्ये ते वारले तेव्हा त्यांना दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्वेसपद तिथेच संपले आणि जुने अर्लपद एका चुलत्याच्या घराण्यात गेले.

आमच्याकडे कोणी याला नियतीचा न्याय म्हणेल. मला त्यात वेगळेच दिसते. सातारच्या गादीबद्दल डलहौसींचे म्हणणे होते, की राज्य आम्ही दिलेले आहे, तेव्हा ते पुढे कोणाकडे जाईल हे आमच्या संमतीवर आहे. त्यांच्या स्वतःच्या किताबामागचे तत्त्वही तेच होते: दिला राजाने, वारस ठरवणारही राजाच. म्हणजे हा हक्काचा प्रश्न कधी नव्हताच, मर्जीचा होता. मार्लबरो, रॉबर्ट्स, माउंटबॅटन यांच्यावर मर्जी झाली. आप्पासाहेबांच्या दत्तकावर झाली नाही, डलहौसींच्या मुलींवरही झाली नाही.

आज ती मर्जी आपल्या पार्लमेंटची आहे, आणि पार्लमेंटने बाकी सगळीकडे हे दार उघडले आहे. इंग्लंडात मृत्युपत्राशिवाय मागे राहिलेली जमीन १९२६ पासून मुलगामुलगी दोघांना सारखी मिळते. सिंहासनाचाही कायदा २०१३ मध्ये बदलला, म्हणून २०१५ मध्ये जन्मलेली राजकन्या शार्लट धाकट्या भावाच्या पुढे राहिली. किताबांभोवतीचे कुंपण मात्र दर वेळी आठवणीने राखले गेले. २००२ च्या दत्तक कायद्यात किताबाचा वारसा वगळला आहे. लिंगबदलाला मान्यता देणाऱ्या २००४ च्या कायद्यात सोळावे कलम खास यासाठीच आहे, की माणसाचे लिंग कायद्याने बदलले तरी किताबाचा वारस बदलू नये. थोरल्या बहिणीने पुरुष म्हणून मान्यता मिळवली तरी ती भावाच्या पुढे जाणार नाही, इतका बारीक विचार मसुदा लिहिणाऱ्याने केला. नजरचुकीने असे कलम लिहिले जात नाही.

मला किताबांचे प्रेम नाही. आमच्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने ते बंद केले आणि १९७१ मध्ये संस्थानिकांची मान्यताही गेली, हे बरेच झाले असे मी मानतो. आपणही उद्या सगळे किताब रद्द केले तर मी टाळ्या वाजवीन. पण आपण ते रद्द करत नाही. सरकारी यादी ठेवता, आणि तिच्यात नाव लावताना सरकारी अधिकारी मुलीला सांगतो, की तुझा हक्क नाही. हा घरगुती रिवाज नव्हे, हे शासनाचे काम आहे.

आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, साऱ्या देशाच्या अकरा वर्षे आधी. तरी भाऊबीजेला ओवाळून घेणारा भाऊच बहिणीला दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन जातो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. अशी कितीतरी हक्कसोडपत्रे माझ्याच टेबलावर तयार झाली. फरक इतकाच, की आमच्या बहिणीकडे सोडायला हक्क तरी असतो.

आपल्याकडून येऊ शकणारे एक उत्तर मला दिसते. १९९९ मध्ये वारसाने आलेले बहुतेक उमराव सभेबाहेर गेले, ९२ उरले, आणि २०२० मध्ये काउंटेस ऑफ मार निवृत्त झाल्यावर त्यांत एकही स्त्री राहिली नाही. त्या उरलेल्या जागाही काढण्याचे विधेयक सरकारने २०२४ मध्ये मांडले. मग आता नुसत्या नावासाठी कशाला भांडायचे? मी उलट म्हणतो. जागेचा प्रश्न होता तोवर बर्कनहेडांना निदान सबब होती. नुसते नावच उरणार असेल तर ते थोरल्या मुलीला देण्यात सरकारचा एक पौंडही खर्च होत नाही.

लॉर्ड लुकस यांनी २०१३ मध्ये यासाठी विधेयक आणले होते. खासगी विधेयक होते, ते पुढे गेले नाही. स्पेनमध्ये सरदारी किताबांत स्त्रीपुरुष समान करणारा कायदा २००६ मध्येच झाला. तेव्हा माझी मागणी अशी, की हे विधेयक सरकारने स्वतः मांडावे. ज्या दिवसानंतर जन्मलेल्यांना नवा नियम लागेल तो दिवस आधीच जाहीर करावा. सिंहासनाच्या कायद्यात २८ ऑक्टोबर २०११ हा दिवस असाच ठरवला होता. त्यामुळे आज वारस म्हणून वाढलेल्या कोणा मुलग्याच्या तोंडचा घास जाणार नाही. जिथे मुलगा नाही आणि किताब संपणार किंवा लांबच्या नातेवाइकाकडे जाणार आहे, तिथे मात्र थांबू नये, हयात मुलीला लगेच वारस मानावे. जुने वाडे आणि जमिनी ज्या विश्वस्त व्यवस्थांत अडकल्या आहेत, त्यांना या कायद्याने हात लावू नये. ते वाद त्या त्या घराण्यांनी कोर्टात सोडवावेत, वकिलांनाही काही काम राहू द्यावे. आणि २००४ च्या कायद्यातले सोळावे कलम त्याच विधेयकात रद्द करावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त दिवाणी वकील, सातारा