पगार चांगला आहे ना, मग झालं!

संपादक साहेब, नमस्कार.

'काम आवडत नसेल तर सरळ सोडा' असले लेख हल्ली सगळीकडे येतात, लिहिणाऱ्यांना बहुतेक होम लोनचा हप्ता नसावा. मी हिंजवडीत आयटीत आहे, पगार उत्तम, आणि काम काय तर दिवसभर एक्सेलमधले लाल रकाने हिरवे करायचे अन संध्याकाळी कॉलवर तेच वाचून दाखवायचे. घरी विषय काढला की आई म्हणते, अरे लोकांना नोकऱ्या नाहीत आणि तुला सुख टोचतंय. तिचंही खरंय म्हणा.

पण सोडणं किती अवघड करून ठेवलंय ते कोणी बोलतच नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, हवी तर पर्मनंट माणसाला 5 वर्षं काढावीच लागतात, पीएफ 5 वर्षांच्या आत काढला तर टॅक्स, नोटीस पिरियड 90 दिवसांचा आणि नवीन कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा! वर आईबाबा कंपनीच्या मेडिक्लेममध्ये, बाबांना शुगर, या वयात त्यांची नवीन पॉलिसी घ्यायची म्हणजे प्रीमियम ऐकूनच घाम फुटतो. मग माणूस काय करणार, अप्रेझल होईपर्यंत थांबू म्हणतो, मग दिवाळी बोनसपर्यंत, की परत अप्रेझल येतं.

निदान नोटीस पिरियड तरी 30 दिवसांवर आणा, ही मागणी आयटीवाल्यांच्या संघटनांनी लावून धरावी. आणि पॅशनवाल्यांनी पुढचा लेख लिहिताना आपला हप्ता किती ते पण छापावं.

– एक वाचक, वाकड, पुणे