सातव्या सहीचा प्रश्न

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

गुडघा दुखतो तसाच दुखतो आहे, हिची साखर आटोक्यात आहे. प्रकृतीचे एवढे पुरे. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे आणि ते या गावात तुझ्याखेरीज कोणाला कळले नसते. बाळूच्या कंपनीतले वैमानिक आपली संघटना नोंदवू पाहत आहेत. अर्जावर निदान सात जणांच्या सह्या लागतात, हे तुला सांगायला नको. सहा झाल्या आहेत आणि सातवी त्याच्याकडे मागितली आहे. काय करू, असे त्याने मला विचारले आणि मला पहिल्यांदा तूच आठवलास.

पोरगा विमान चालवतो म्हणजे घरात पैशाची रास पडली असेल, अशी गावाची समजूत आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हा लोक आमच्याकडे पेढे मागायला आले; ते विमान त्याच्या कंपनीचे नाही, हे सांगता सांगता मी थकलो. प्रत्यक्षात त्याच्या पगाराचा एक भाग ठरलेला आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचेच धरतात. सत्तर आसनांच्या त्या पंख्याच्या विमानाच्या फेऱ्या तास-सव्वा तासाच्या असतात. दिवसात चार फेऱ्या झाल्या, मधे प्रवाशांची चढउतार, इंधन आणि हिवाळ्यातले धुके आले, की ड्युटी अकरा तासांची होते आणि भत्त्यात जेमतेम पाच धरले जातात. लांब पल्ल्याचा वैमानिक तेवढे तास एका उड्डाणात भरून काढतो. याला मात्र विमान चार वेळा उतरवावे लागते, आणि सर्वांत दमवणारे काम तेच, असे तो म्हणतो.

दिवाळीनंतर तो दोन दिवसांसाठी घरी आला होता. भर दुपारी खिडकीला गोधडी अडकवून, मोबाईल उशाशी ठेवून झोपला होता. चारच्या सुमारास मोबाईल वाजला. रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, बदलले होते आणि उद्याची सुट्टी गेली होती. तो काही बोलला नाही. खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या रुमालात गुंडाळून त्याने बॅगेत ठेवल्या आणि निघाला. हिने रात्रीसाठी सांभारवडीची तयारी केली होती, ती तशीच राहिली. तेव्हापासून ही रोज रात्री त्याच्या फोनची वाट पाहते. 2023 च्या ऑगस्टमध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी एक वैमानिक दाराशीच कोसळून गेला, ती बातमी तिच्या मनातून जात नाही. त्याला पुरेशी विश्रांती मिळाली होती, असे त्याच्या कंपनीने सांगितले होते आणि ते खोटे मानायला माझ्यापाशी आधार नाही, पण आईला हे कसे समजवावे?

बरे, सोडून जावे म्हटले तर तेही सोपे नाही. 2017 च्या सरकारी नियमाप्रमाणे सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. वर प्रशिक्षणाच्या खर्चाचा बाँड आहेच. आपण निदान गेटवर राजीनामा ठेवून दुसऱ्या महिन्यात दुसरी गिरणी गाठू शकत होतो. नोकरी सोडणे जिथे इतके अवघड आहे, तिथे आत राहून बोलण्याची सोय असलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बाळूने मला एक अमेरिकेची हकीकत सांगितली. 2009 च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ एका छोट्या प्रादेशिक कंपनीचे असेच पंख्याचे विमान कोसळले आणि पन्नास माणसे गेली. त्यातली सहवैमानिक मुलगी कामावर हजर होण्यासाठी रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून आली होती. तिचा वर्षाचा पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास होता, म्हणजे तिकडच्या मानाने अगदीच तुटपुंजा. चौकशीत दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादाला दिला गेला, तरी थकव्याचे आणि पगाराचे प्रश्न त्यामुळेच ऐरणीवर आले आणि विश्रांतीचे नियम बदलले. आपल्याकडे वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे 2025 मध्ये आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. लगेच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून तिला फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. नियम कागदावर आला तरी तो राखायला माणसे लागतात, हे तू गेटसभेत सांगत असायचास. (तुझे ते भाषण संपेपर्यंत चहाची किटली दोनदा गरम करावी लागे, हेही आठवले.)

आता आपले जुने भांडण. सूतगिरणीत बोनसवर तडजोड करावी, असे मी म्हणत होतो आणि तू शेवटपर्यंत अडून राहिलास. माझे मत आजही तेच आहे, चिडू नकोस. पण तुला काढले तेव्हा तू एकटाच पुढे होतास आणि बाकीचे मागे सरकले, याची धास्ती मला बाळूच्या बाबतीत वाटते. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली आणि त्यांच्यातल्या दोघांना काढून टाकले गेले. तेव्हा शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवसांत काढलेल्यांना परत घ्यावे लागले. याउलट 2012 मध्ये एअर इंडियाचा संप जवळजवळ दोन महिने चालला, कित्येकांना काढले गेले आणि त्यांच्या संघटनेची, पायलट्स गिल्डची, मान्यताही गेली. दोन्हीकडे माणसे शिकलेली, प्रश्न खरे, तरी परिणाम वेगळे.

म्हणून माझे म्हणणे असे, की त्याने सही करावी, पण ती सात जणांवर थांबू देऊ नये. नव्या औद्योगिक संबंध संहितेत मालकाशी वाटाघाटीचा एकट्याचा हक्क हजेरीपटावरील 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेला मिळतो. तेव्हा अर्ज जाण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक जणांची लेखी संमती हातात हवी, कॅप्टन मंडळीही त्यात हवीत, आणि पहिली मागणी पगाराची न करता रोस्टर किती आधी कळावे याची करावी. ती मागणी कोणाला लोभाची वाटणार नाही. आपल्या वेळी आपण आधी रकमेवर बोललो आणि मालकाने तेवढेच वर्तमानपत्रात छापून आणले, आठवते?

हे सगळे मी त्याला सांगितले आहे, पण बापाचे बोलणे त्याला काळजीतून आलेले वाटते. तू सांगितलेस तर वेगळे. संमतीचे कागद कोणी ठेवावेत, कोणापाशी काय बोलू नये, नोटीस आली तर पहिल्या दिवशी काय करावे, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

तुझ्या नातीचे बारसे झाल्याचे कळले, फार आनंद झाला. संत्र्याला यंदा भाव कसा मिळाला ते कळव. वहिनींना नमस्कार सांग. बाळूचा नंबर त्यांच्याकडे आहे. शनिवारी तो मोकळा आहे, पण सकाळी झोपलेला असेल, तेव्हा चारनंतर फोन कर. सही सोमवारी द्यायची आहे.

तुझाच,
भाऊराव