कट्ट्यावरच्या मंडळींसाठी सूचना : बूस्टर (4 जून 2022)

मंडळी, मुंबईत कोविड परत वर चाललाय आणि आपले मास्क खिशात, नाहीतर हनुवटीवर. परवा कट्ट्यावर एकजण "एसीमुळे झालंय हो" म्हणत खोकत होते आणि तेच सगळ्यांना शेंगदाण्याची पुडी फिरवत होते, नंतर निघाले पॉझिटिव्ह! दोन डोस झालेत म्हणून निवांत राहू नका, त्यांचा जोर काही महिन्यांत ओसरतो, बूस्टर घेतला की निदान गंभीर आजाराचा धोका कमी होतो. दुसऱ्या डोसला 9 महिने झाले असतील तर साठीच्या पुढच्यांना पालिकेच्या केंद्रावर फुकट आहे, आधी कोव्हिशिल्ड घेतली असेल तर आताही तीच. घरातल्या तरुणांना मात्र खाजगीत, 225 रुपये, वर 150पर्यंत सर्व्हिस चार्ज. सोमवारी वॉकनंतर एकत्रच जाऊ, येणाऱ्यांनी ग्रुपवर सांगा, आधार कार्ड आणि कोविनवाला मोबाईल विसरू नका. खोकला असेल त्याने घरीच थांबा, शेंगदाणे आम्ही आणू.